लाल टाका वर

माझी सासू खाष्ट व्हती. हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर पुढचं ऐकून तुमाला वाटंल, म्हातारी नुसती देवमाणूस व्हती. देवमाणूस व्हतीच, पण खाष्ट आधी. भाकरीचा पापुद्रा नीट सुटला न्हाई तर तिच्या कपाळाला जी आठी पडायची, ती जेवण उरकून भांडी घासून झाली तरी जात नव्हती. नाव गोजरबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची.

आमचं गाव बोरखडी, कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. नदीच्या अलीकडं निजामाचं राज आन पलीकडं वऱ्हाड, इंग्रजाचं. माझं माहेर पलीकडं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत गेलं की राज बदलायचं, बोली थोडीशी बदलायची, बाकी माणसं तीच. सोयरिकी व्हायच्या, बैलं विकली जायची. पण एका गोष्टीपायी वऱ्हाडातले लोक आमच्या काठाला पोरी द्यायला मागंपुढं पाहायचे. ती गोष्ट म्हणजे नारू.

आजच्या पोरांना नारू म्हटलं तर कळत बी न्हाई. बरंच झालं म्हणा. चैत उतरला की पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, आन फोड फुटला की त्यातून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. हातभर, दीड हात लांब. ऐन पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस खाटेवर पडायचा. लोक म्हणायचे देवाचा कोप, कोणी म्हणायचं रगत बिघडलं. आमच्या गावाला पाणी एका बारवेचं. चाळीस पायऱ्या उतरून बाया घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहायच्या आन घागर बुडवायच्या. ज्याच्या पायाला आग लागली तो बी तितंच जायचा, पाय बुडवून बसायचा. थंड वाटायचं ना. तेच पाणी घागरीत, तेच हांड्यात, तेच पोटात.

हा नारू काढायचा हुन्नर आत्याबाईच्या हातात व्हता. किड्याचं डोकं दिसलं की ती काडीला गुंडाळायची आन रोज दोन बोटं, फक्त दोन बोटं, ओढायची. घाई केली आन नारू आत तुटला की पाय सुजायचा, पिकायचा, माणूस जन्माचा लंगडा व्हायचा. डोंगरकड्यापासून लोक गाडीत घालून तिच्याकडं येत. जाताना कोणी पायलीभर जवारी ठिवायचं, कोणी हळकुंडं. उन्हाळा म्हणजे तिचा सुगीचा काळ.

आन अशा बाईच्या हातून एकदाच नारू तुटला. तो बी पोटच्या पोराचा.

पोरगं बारा वर्साचं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता रागवायला कोण उरलंय? ग्यानबा. घाईत तिनं जरा जास्तच ओढलं, ते कळवळून ओरडले, पाय झाडला, आन काडी तिच्या हातात राहिली, नारू आत. गुडघा फुगून मडक्याएवढा झाला. आत्याबाईनं गाडी जुंपली आन लेकराला नदीपलीकडं सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला, गुडघा आखडला तो आखडलाच. पण त्या दवाखान्यात एक म्हातारा कंपाउंडर व्हता. तेनं तिला एक भिंग दिलं आन काचेच्या पेल्यात आमच्या गाडीतल्या घागरीचं, बारवेचं पाणी धरून दाखवलं. "बाई, दिसते का काई?" आत्याबाईला दिसलं. बारीक पिसवा पाण्यात उड्या मारून राहिल्या व्हत्या.

"नारूची पिल्लं ह्या पिसवांच्या पोटात असतात," तो म्हणला. "तुमी पाणी पेता, त्या पोटात जातात. बराबर एका वर्सानं पायातून किडा निघते. दुसरं काई न्हाई. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की पिसू वर राहते."

"अन् देवाचा कोप?"

"देवाला तुमच्या पायाशी काय काम पडलं?"

हे मला तिनंच सांगितलं, आन सांगताना दर खेपेला हसायची. म्हणायची, "तेवढ्या एका बोलण्यात माझं सगळं दुकान बसलं, मंजुळा." पण तिला अक्षर येत नव्हतं तरी ती गोष्ट तिनं पक्की धरली: आजचं पाणी, वर्सानं नारू.

आता माझ्या लग्नाचं. छत्तीस सालचा माघ महिना. आमचे बाबा बोरखडीला माझ्यासाठी जागा बघायला आले. दुसरी बाई असती तर लंगड्या पोराला आधीच लोडाला टेकवून बसवलं असतं, आन लग्न लागेस्तवर उठू दिलं नसतं. आत्याबाईनं चहापाणी व्हायच्या आधी पोराला आंगणात उभं केलं. "ग्यानबा, त्या लिंबापस्तोर चालत जा आन ये." ते लंगडत गेले, लंगडत आले. मंग ती बाबाला म्हणली, "दाखवायचं ते आधी दाखवावं. पोरगं कामाला वाघ हाय, पण पाय असा हाय. बघा पटतं का."

बाबांनी पायाकडं एकदा पाहिलं. मंग म्हणले, "पायाचं न्हाई ओ. तुमच्या गावात नारू. माझ्या पोरीला नारू झाला तर?"

आत्याबाईनं बेल-भंडार उचलला. "तुमच्या लेकीच्या पायाला मी नारू लागू देणार न्हाई. हा माझा शबूद."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं वाटंल तुमाला. मला बी तवा तसंच वाटलं. पण ह्या बाईनं तो शबूद मिठासारखा जपला. सासरी पहिल्या दिवशी मला काय दिलं असंल? खण न्हाई, पाटल्या न्हाई. जाड मांजरपाटाचं दुहेरी शिवलेलं फडकं. म्हणली, "हे हांड्यावर बांधल्याबिगर पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा न्हाई." माझ्या मनात आलं, बाप्पा, कुठल्या पिसाट घरात पडले मी!

बरं, घरात गाळलं. पण सून काय घरातच बसून राहते? ती शेजारी जाते, वावरात जाते, लगीनघरी जाते, आन तिथं तांब्याभर पाणी पुढं येतं. आठच दिवसांत हे आत्याबाईच्या ध्यानात आलं. मी सुमनबाईच्या घरी पाणी पिऊन आले हे कळलं तवा तिनं कपाळाला हात लावला. सुमनबाई म्हणजे आमच्या उकंडराव पाटलाची बायको. "आता गं काय करू?" आत्याबाई म्हणली. "एका सुनेपायी सगळं गाव गाळायला लावावं लागते का काय!"

आन ती खरोखर निघाली. घरोघर. "बाई, फडकं बांध." "बाई, फोड असलेल्याला बारवेत उतरू देऊ नको, त्याची घागर तू भर." बाया हसायच्या. उकंडराव पाटील म्हणले, "गोजरबाई, तुमचाच धंदा बसंल की!" ती म्हणली, "बसू द्या, मी बी बसंन जरा. उभं राहून पाय दुखून राहिले."

काही बायांनी मनावर घेतलं, काहींनी तिच्या तोंडाला भिऊन. पण चारच महिन्यांत ओरड सुरू झाली: "आमी गाळून राहिलो तरी नारू निघाला!" अगं बयांनो, तो मागल्या वर्साच्या पाण्याचा! हे समजावता समजावता तिचा घसा बसला. वर्सभर ज्याचा गुण दिसत न्हाई, ते काम बाईमाणसाकडून रोज करून घ्यायचं. करून बघा एकदा, म्हणजे कळंल.

सदतीसचा जेठ आला. बऱ्याच घरांत नारू न्हाई. पण सुमनबाईच्या घरी तिघांना. सुमनबाई देवाची आन घेऊन म्हणली, "मी रोज गाळते." आत्याबाईला ती खोटं बोलत असंल असं वाटलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जाऊन पाटलाच्या सैपाकघरात बसली. काहून आलात इचारलं तर म्हणली, "बसाया आले. बसू नये का?" सुमनबाईनं पहिली घागर आणली, फडकं टाकलं, पाणी ओतलं. दुसरी घागर आणली. तोवर तेच ओलं फडकं उचलून बाजूला ठिवलेलं, ते पुन्हा टाकलं, पण खालची बाजू वर. पहिल्या घागरीच्या पिसवा सगळ्या फडक्याच्या पोटाला गेल्या आन दुसरी घागर ओतली तशा हांड्यात धुवून पडल्या.

आत्याबाई ओरडली, "अगं ए पाटलीणबाई! गाळून गाळून परत पाजतेस की गं लेकरांना!"

ही चूक आमच्या गावात निम्म्या घरांत चालली व्हती. कापडाला तोंड कुठलं आन पाठ कुठली, कोणाला ध्यानात राहतं? आत्याबाई घरी आली, लाल दोरा काढला, फडक्याच्या एका बाजूला मधोमध चांगला ठसठशीत टाका घातला. "लाल टाका वर." बस, एवढंच. वाचता येत न्हाई त्या बाईला बी दिसतं, म्हाताऱ्याला बी दिसतं. गावातलं एकेक फडकं आणून तिनं टाके घातले. बारवेच्या पायरीवर बाया एकमेकींना रामराम करायच्या जागी "लाल टाका वर गं" म्हणून चिडवायच्या. चिडवता चिडवता सवय लागली. अडतीसला गावात चार नारू, एकोणचाळीसला दोन. आमच्या दाराला गाड्या यायच्या बंद झाल्या. आत्याबाई उन्हाळ्यात रिकामी बसायची आन मला जास्त बोलायची.

राहिला तांडा. गावापासून कोसभर, टेकडीच्या अंगाला, वसराम नायकाचा लमाणांचा तांडा. त्यांचा पायऱ्यांचा कुंड व्हता, तो वैशाखात आटायचा. मंग ते आमच्या बारवेवर यायचे, आन त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाला नारू. चाळीस साली उकंडराव पाटील म्हणले, "तांड्याला बारव बंद करू. नारू तेच आणून राहिले."

आत्याबाई भडकली. "पाणी बंद केल्यानं नारू बंद व्हतो व्हय? ते तहानेनं मरतील आन तुमी पापानं. मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यांचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आन आमी निघालो. जेठातलं ऊन. मला पाचवा महिना लागलेला, पहिलंच लेकरू. घसा असा कोरडा पडला की जीभ टाळ्याला चिकटून राहिली. वसराम नायकाची बायको रूपाबाई, उंच, हातभर बांगड्या, डोळ्यात करडी नजर. तिनं बसायला घोंगडी टाकली आन आत जाऊन पितळेच्या दोन वाट्या भरून पाणी आणलं. एक आत्याबाईच्या हातात दिली, एक माझ्या. आन तशीच समोर उभी राहिली, बघत.

तांड्यातल्या सगळ्या बाया बघत व्हत्या. गावातलं कोणी त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हतं. आत्याबाईच्या मांडीवर फडक्यांचं गाठोडं. त्यातलं एक काढून पाणी गाळलं असतं तर त्या बायांनी काय समजायचं? हेच की आमी इटाळ गाळून राहिलो. मंग कसलं फडकं आन कसलं काय! आत्याबाईनं वाटीत एकदा पाहिलं. मी तिच्या तोंडाकडं पाहत व्हते म्हणून मला दिसलं. मंग तिनं वाटी तोंडाला लावली आन रिकामी केली.

मी माझी वाटी उचलली, तशी तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. रूपाबाईला म्हणली, "हिचा आज उपास हाय माय, पाणी बी घेत न्हाई. पण तुमच्या घरचं वाया काहून जाऊ द्यायचं?" आन ती बी घटाघटा पिऊन टाकली.

मला असा राग आला! उपास कसला न् काय कसला! गरोदर सुनेला तहानेनं मारून स्वतः दोन-दोन वाट्या! मी मनातल्या मनात तिला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जन्मात कोणाला घातल्या न्हाईत.

रूपाबाई मात्र खाली बसली. तिची नजर मऊ झाली. मंग आत्याबाईनं पिसवांची गोष्ट सांगितली, एका वर्साचा हिशेब सांगितला, लाल टाका दाखवला. टाका बघून तांड्याच्या बाया हसायला लागल्या. त्यांना टाका काय शिकवायचा! आठ दिवसांत त्यांनी फडक्यांना असे लाल काठ भरले की आमची फडकी त्यांच्यापुढं पोतेरी वाटावी. उकंडराव पाटलानं बारव बंद केली न्हाई. "एक वर्स बघू," म्हणले.

एक वर्स झालं. एक्केचाळीसचा जेठ. माझं पोरगं रांगून राहिलं व्हतं. एका सकाळी पाहते तर आत्याबाई बारवेला निघाली पण काठावरच बसली, घागर माझ्याकडं दिली. लुगडं घोट्याच्या खाली ओढलेलं. मी लुगड्याचा काठ वर केला. उजव्या घोट्यावर फोड.

 पाच वर्सं जिनं गावाला फडकं बांधायला लावलं, तिलाच नारू! मी म्हणले, "आत्याबाई, घरात बसा. मी सांगते वात आलाय म्हणून. कोणाला दाखवू नका, न्हाईतर आजच गावातली फडकी चुलीत जातील. माझ्या लेकराला ह्याच गावात मोठं व्हायचंय."

तिनं माझ्या हातातला काठ सोडवला. मंग म्हणली, "ग्यानबाला तुझ्या बापापुढं चालवून दाखवला का न्हाई? मंग? पोराचा पाय दाखवायचा आन आपला झाकायचा?"

बाया पाण्याला जमल्या तवा ती वरच्या पायरीच्या दगडावर बसली, लुगडं नडगीपस्तोर वर घेतलं आन म्हणली, "बायांनो, बघून घ्या. मला नारू झालाय. मी खाली उतरणार न्हाई."

काय गलका झाला! सुमनबाई म्हणली, "लोकाला सांगे ब्रह्मज्ञान!" कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. गलका ऐकून उकंडराव पाटील आले. म्हणले, "पाच वर्सं आमाला चिंध्या बांधायला लावल्या. आन हे काय?" सुमनबाईनं घागरीवरचं फडकं काढलं आन आत्याबाईच्या पुढं फेकलं. तिचं बघून दुसरीनं फेकलं, तिसरीनं फेकलं.

"मागल्या जेठात मी एका घरी न गाळता पाणी प्याले," आत्याबाई म्हणली. "हा त्याचा नारू. फडक्याचा दोष न्हाई, माझा हाय."

"कोणाच्या घरी?" पाटलानं इचारलं.

"ते सांगायची न्हाई."

"काहून?"

"त्या घरानं मला मान दिला. त्याचं नाव मी हितं चव्हाट्यावर टाकू?"

मला सगळं ठाऊक व्हतं. नाव घेतलं असतं तर पाटलानं त्याच दिवशी तांड्याला बारव बंद केली असती. ती गप, म्हणून मी बी गप. पाटील म्हणले, "म्हणजे थाप!" लोक पांगले. तिच्यापुढं पंधरा-सोळा फडकी पडली व्हती. ती एकेक उचलून, झटकून, घडी घालून राहिली, आन तिच्या डोळ्यांतून पाणी गळत व्हतं. त्या बाईला रडताना मी तवा पहिल्यांदा पाहिलं. 

वावरातल्या बायांकडून गोष्ट तांड्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन पाण्याच्या वेळी रूपाबाई आली. मागं सात-आठ बाया, डोक्यावर घागरी, घागरीवर लाल काठाची फडकी. ती सरळ उकंडराव पाटलाच्या वाड्यापुढं जाऊन उभी राहिली. सगळं गाव गोळा झालं.

"ते घर माझं हाय," रूपाबाई म्हणली. "ही याडी माझ्या हातचं पाणी प्याली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "फडक्याचं गाठोडं मांडीवर असताना तिनं गाळलं न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून. हे मला काल कळलं, पाटील, आन मला रात्री अन्न गेलं न्हाई."

तिनं मागच्या बायांच्या घागरीवरची फडकी दाखवली.

"त्या दिसापासून आमच्या तांड्यात न गाळता कोणी पेत न्हाई. मागल्या साली आमच्यात चौदा नारू व्हते. औंदा दोन, ते बी कळमनुरीकडं खडी फोडाया गेलते त्यांना. चला, पाय मोजा आमचे. आमी गाळून प्यालो, आमी सुटलो. ही एक दिवस न गाळता प्याली, ही अडकली. आणिक काय पायजे तुमाला?"

पाटील दाढी खाजवत राहिले. सुमनबाई वाड्यातून उतरली, आमच्या ओट्यावर आली, घड्यांच्या ढिगातून आपलं फडकं हुडकलं आन आत्याबाईला म्हणली, "द्या. चुकले मी." आत्याबाई काय म्हणली असंल? "चुकलीस ते चुकलीस, टाका उसवलाय तेवढा घालून घे." लमाणाच्या घरचं पाणी प्याली म्हणून दोन-चार घरांनी आमाला बोलावणं बंद केलं. ती म्हणली, तेवढंच जायचं वाचलं.

चार दिवसांनी डाव्या पायाला दुसरा फोड आला.

तिला स्वतःचा नारू काढता येईना, वाकवत नव्हतं आन नजर बी पहिल्यासारखी न्हाई. मला म्हणली, "तू काढ." मी म्हणले, "तुटला तर?" ती म्हणली, "माझ्या हातून तुटला तो घाईनं. तू आळशी हाईस, तुझ्या हातून तुटणार न्हाई." अशी बाई! रोज सकाळी मी दोन काड्या घेऊन तिच्या पायाशी बसायची. दोन बोटं उजवा, दोन बोटं डावा. ती दात आवळून छताकडं पाहायची. आन अशी डावा पाय धरून बसलेली असताना एका सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वाट्या. दोन नारू.

"आत्याबाई, त्या दिवशी माझा उपास कशाचा व्हता?"

"शनिवारचा."

"त्या दिवशी बुधवार व्हता."

"मंग बुधवारचा. हात हलवू नको."

माझे डोळे असे भरून आले की मला काडी दिसंना. कुठल्या वाटीतून कुठला निघाला हे देवाला ठाऊक, पण डावा माझा व्हता असं मी मनात धरलं ते धरलंच. तिला मी किती शिव्या घातल्या व्हत्या! ती म्हणली, "तुझ्या बापाला सांगू नको. शबूद दिलाय म्हणून केलं, बोंबलायला न्हाई." बावीस दिवसांत दोन्ही नारू सलग निघाले. तुटला एक बी न्हाई.

मंग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांची धामधूम. पोलीस ॲक्शन व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात आसपासची गावं रिकामी होऊन राहिली व्हती. आमी बी हाताला लागंल ते घेऊन नदी ओलांडली, बोरखडीचे अन् तांड्याचे मिळून त्रेसष्ट जण. माझ्या माहेराच्या शिवेवर लोकांनी आमाला अडवलं. "निजामाच्या मोगलाईतले लोक तुमी. नारू घेऊन याल. आमच्या विहिरीला बी पायऱ्या हाईत."

आत्याबाई पुढं झाली. "बराबर बोलता. आधी पाय बघा, मंग आत घ्या." त्रेसष्ट जणांना तिनं ओळीनं बसवलं आन पाय पुढं करायला लावले. उकंडराव पाटलाला बी, रूपाबाईला बी. एका पायाला फोड न्हाई. आन घर सोडून पळताना बायांनी काय काय टाकलं असंल, पण एकेकीच्या गाठोड्यात लाल टाक्याचं फडकं व्हतं. आमाला गावात घेतलं.

बाबा ओट्यावर बसलेले, थकलेले. त्यांनी आधी माझे पाय पाहिले. म्हणले, "इहीणबाई, शबूद पाळलात."

आत्याबाई म्हणली, "न पाळायला काय झालं?"

माझी माय तांब्या घेऊन आली. लग्नात इहिणीचे पाय धुतले व्हते, त्यानंतर आजच. तिनं उजवा पाय धुतला, डावा धुतला, आन हात थांबला. "इहीणबाई, हे दोन व्रण कशाचे? तुमाला बी नारू झालता?"

"म्हातारपणाचे हाईत," आत्याबाई म्हणली आन पाय मागं घेऊन राहिली.

सात वर्सं मी तोंड शिवून बसले व्हते. त्या दिवशी मला राहवलं न्हाई. मी आत्याबाईला न भिता सगळं सांगितलं: तांडा, दोन वाट्या, खोटा उपास, माझ्या पोटातलं लेकरू, आन डाव्या पायाचा नारू माझ्या वाटीचा. आत्याबाई माझ्याकडं डोळे वटारून पाहत राहिली. बाबांनी पदरात घालावं तसं तोंड उपरण्यात घातलं. माय उठली, तांब्या परत भरून आणला, खाली बसली आन आत्याबाईचा डावा पाय हातात घेतला.

"अवो, आत्ताच धुतला की तो," आत्याबाई म्हणली.

"मघा तुमचा धुतला," माय म्हणली. "आता माझ्या लेकीचा धुते."